न थरथरणारं मशीन

...आणि वर विचारतात, "एवढं महाग मशीन कशाला?" अहो, कशाला म्हणजे? तुम्ही मारे खिशात दोन-दोन मोबाइल घालून फिरता, एकावर क्रिकेट आणि दुसऱ्यावर बायकोचे सात मिस्ड कॉल, तेव्हा तुम्हाला कोणी विचारतं का, कशाला म्हणून? पण आमच्या मिरजोळ्याच्या आनंदा सुताराने एक घासायचं मशीन घेतलं, जरा चांगल्यातलं, परदेशी बनावटीचं, तर तुम्हाला सांगतो, एमआयडीसीच्या फाट्यापासून पार गिरणीपर्यंत एक माणूस असा उरला नाही ज्याने त्याला हटकलं नाही! चहावाला विचारतो, गिरणीवाला विचारतो, मासे घेऊन येणारी जनी डोक्यावरची टोपली खाली ठेवायच्या आधी विचारते... अगो बाये, तू आधी बांगड्याचा वाटा कसा लावलास ते सांग! नाही. "आनंदा, एवढं म्हाग मशीन कश्याला रे?"

आता घासायचं मशीन म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल, सुतार भांडी घासायला लागला. लाकूड गुळगुळीत करायचं मशीन हो! खाली पॉलिश पेपर लावायचा, वरून मुठीत धरायचं, बटण दाबायचं आणि लाकडावरून फिरवत न्यायचं. एवढंच. पण या मशीनचा थाट काय विचारता! त्याला स्वतःची पेटी. पेटीत स्वतःची गादी, त्याच्या अंगाच्या मापाने कापलेली. शेजारची सखूआजी काठी टेकत बघायला आली, गादी दोन बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाली, "मेलं नशीब काढलान हो! आमच्या सुनेनं मला अजून एवढी मऊ गादी नाय दिलीन." मग म्हणाली, नारळ फोडा. कुठे फोडा? मशीनवर! आनंदा मशीनवर असा आडवा पडला, जसा काय कोणी पोराच्याच डोक्यात नारळ घालतंय. शेवटी नारळ फुटला दाराबाहेर, चिऱ्यावर, आणि मशीनला मिळालं नुसतं हळदकुंकू, तेही लांबून.

बरं, लोक विचारून गप्प बसतील तर ते लोक कसले? उत्तरंही आपली आपणच देणार. एक म्हणतो, लॉटरी लागली असेल. दुसरा म्हणतो, व्हिडिओ काढून टाकणार असेल, हल्ली सुतारही नाचतात त्याच्यावर. तिसरा जरा शहाणा. तो म्हणतो, अरे, चांगलं मशीन असलं की चार दिवसांचं काम दोन दिवसांत होतं, भुसा छातीत जात नाही, पिशवीत जातो, ऐन कामात मशीन डोळे पांढरे करत नाही, आणि गिऱ्हाईकही जरा अदबीनं बोलतं. खरं आहे, अगदी खरं आहे, बहुतेक सुतार याच्यासाठीच घेतात. पण आनंदाने यातल्या एकासाठीही घेतलं नाही. त्याला विचारलं की तो सगळ्यांना एकच सांगायचा, "आमच्या शमिकाला दिवस गेलेत."

झालं! लोक चक्रावले. अहो, लेकीला दिवस गेले म्हणून कोणी मशीन घेतं? माणसं बाळाला वाळा करतात, बिंदल्या करतात, गेलाबाजार दुपटी शिवतात. याने घासायचं मशीन आणलं! चहावाला मला म्हणतो, आनंदाचं डोकं फिरलं. मी म्हटलं, तू उकळी बघ, उतू जातोय.

आता आनंदा कोण, ते सांगायला हवं. मूळचा हेदवीचा. त्याचे वडील आप्पा तिथले नावाजलेले सुतार, आणि स्वभावाने असे की फणसाचे काटे परवडले. आनंदा लहान असताना आप्पा त्याच्या डोळ्यांना पंचा बांधायचे, पुढ्यात फळी ठेवायचे आणि म्हणायचे, "फिरव बोट. कुठं कुसळ राहिलंय सांग." चुकला की डोक्यात टपली. बरोबर सांगितलं तरी टपली, जरा हळू. आप्पांचं एकच म्हणणं, "डोळा फसतो, बोट फसत नाय." आणि तुम्हाला सांगतो, आनंदाचं बोट खरंच कधी फसलं नाही! पॉलिश झालेला दरवाजा, आरशासारखा, तुम्हाआम्हाला तोंड दिसेल त्यात. हा पठ्ठ्या भलतीकडे बघत, कुणाशी तरी गप्पा मारत त्याच्यावरून हात फिरवणार आणि मध्येच थांबणार. "हितं आहे." काय आहे? तिथे केसाएवढं कुसळ! बाकीचे सुतार कापूस फिरवतात लाकडावर. कापूस अडकला, की समजायचं अजून खरखरीत आहे. आनंदा त्यांना हसायचा. म्हणायचा, "कापूसच फिरवायचा तर सुतारकी कश्याला, देवळासमोर वाती विकीन."

आणि त्याचे पाळणे! गुहागरपासून इकडे रत्नागिरीपर्यंत विचारा. फणसाच्या लाकडाचा, हळदीच्या रंगाचा, आढ्याला टांगायचा पाळणा. त्या पाळण्यात वाढलेली पोरं आज मुंबईला कंपनीत साहेब झालीत आणि त्यांना माहीतही नाही की आपल्या पाठीला कधी कुसळ का लागलं नाही. आनंदा पाळण्यावर एक दिवस जास्त घालवायचा, नुसता हात फिरवत. कोणी म्हटलं, पुरे की रे, तर म्हणायचा, "बाळाला बोलता येत नाय. कुसळ टोचलं तर ते रडणार, आणि आयशीला वाटणार पोटात दुखतंय. ती मेली त्याला ओवा चोळत बसणार. मग चूक कुणाची?" एवढं बोलायचा आणि परत हात फिरवायचा.

तर अशा या माणसाने चौदा वर्षांपूर्वी पहिलं मशीन घेतलं. घेतलं म्हणजे काय, गळ्यात पडलं. त्याचा मेव्हणा रूपेश, बायकोचा धाकटा भाऊ, मुंबईला असतो. शिमग्याला आला तो हे मशीन घेऊन. कुठल्यातरी रस्त्यावरच्या बाजारातून. म्हणाला, "भावजी, सेम टू सेम आहे! फक्त नाव नाय. नावाला काय चाटायचंय?" मनापासून आणलं हो त्याने, बहिणीच्या नवऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून आणलं, रूपेश वाईट नाही, फक्त त्याला सगळंच स्वस्तात मिळतं.

ते मशीन चालू केलं की काय व्हायचं? तुम्हाला सांगतो, समोरच्या घरात टीव्हीवरची बाई बोलायची थांबायची! शेडच्या पत्र्यावरून पाली पडायच्या. सखूआजी म्हणायची, माझ्या कोंबडीनं याच्यापायी अंडी देणं बंद केलं. कोंबडी म्हातारी झाली होती हो, पण सखूआजीसमोर कोणाला म्हातारं म्हणायची सोय आहे का? आणि थरथर! धरणाऱ्याचं बोट न् बोट, मनगट, कोपर, दात, सगळं एका तालात. संध्याकाळी आनंदा घरी यायचा, बायको चहा द्यायची, आणि बशीतला चहा आपोआप लाटा मारायचा. त्याची बायको मनिषा, जिभेची धारदार पण मनाची लोणी, ती म्हणायची, "अवो, मशीन बंद झालं. आता तुमी तरी बंद व्हा!" आणि दोघं हसायची. चौदा वर्षं हसली. रोज.

मध्ये मध्ये कोणी म्हणायचं, आनंदा, चांगलं मशीन घे. तर हाच आनंदा... ऐका, हाच आनंदा तेव्हा काय म्हणायचा? "एवढं महाग मशीन कशाला? हे चालतंय ना!" आता हे आपल्याकडचं दुखणं आहे, यात आनंदाला एकट्याला बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वस्तू टाकतात कधी? मेल्यावर. आणि मरते कधी? आपण मरू देऊ तेव्हा! पंखा गरगरण्याऐवजी गुरगुरतो, तरी चालतोय ना? छत्रीतून सूर्यनारायण दिसतो, तरी उघडतेय ना? या मशीनची मूठ तुटली, त्याने सायकलची ट्यूब गुंडाळली. बटण गेलं, त्याने वायर थेट जोडली. मोटरमधला कार्बनचा कोळसा झिजला, नवा घातला. मशीन काही मरेना. सगळं मिरजोळे कौतुक करायचं, काय सांभाळलंय हो आनंदाने! मशीन सांभाळलं. कबूल. मशीनच सांभाळलं.

मग एका मार्गशीर्षात सकाळी उठला आणि बघतो, तर उजव्या हाताची दोन बोटं पांढरी. मेणबत्तीसारखी! चिमटा काढला तर कळेना. मनिषाला म्हणाला, थंडीनं झालं असेल. थंडीनं? रत्नागिरीत? अहो, आमच्याकडे स्वेटर घालतात ते घाटावरून आलेले पाहुणे, तेही फोटो काढून झाल्यावर कमरेला बांधतात! पण ठीक आहे, म्हटलं थंडी तर थंडी. गरम पाण्यात हात घातला, बोटं लाल झाली, कामाला गेला. दुसऱ्या महिन्यात तीन बोटं. मग चार. मग पेला हातातून निसटायला लागला. हा म्हणायचा, पेलाच गुळगुळीत आहे.

आणि मग मृणालीताईंचं कपाट. शहरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या, आनंदाचं जुनं गिऱ्हाईक. नवं कपाट केलं, पोचवलं, चार दिवसांनी फोन. "आनंदभाऊ, वाईट वाटून घेऊ नका हं... माझा पदर अडकतोय दाराला." आनंदा हसला! म्हणाला, ताई, माझ्या कपाटाला? तुमचा पदर दुसरीकडे कुठे अडकला असेल. त्याही हसल्या. पण गेला. दाराच्या कडेवरून हात फिरवला वरपासून खालपर्यंत. म्हणाला, काही नाय ओ. ताईंनी बोट ठेवलं. इथे. त्याने तिथे बोट ठेवलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. आणि बोट उचललं तर बोटातून रक्त येत होतं.

काय वाटलं असेल हो त्याला? गाणाऱ्याला एक दिवस आपलंच गाणं ऐकू आलं नाही तर? तो बोटाकडे बघत राहिला. ताई बिचाऱ्या हळद आणायला धावल्या. त्यांना वाटलं लागलं म्हणून गप्प झाला. लागलंच नव्हतं ना, म्हणून गप्प झाला होता!

मग डॉक्टर. रत्नागिरीतले मोठे, नसांचे. त्यांनी टाचणी टोचली, कापूस लावला, डोळे मिटायला लावले. आनंदाला आप्पाच आठवले, फक्त टपली तेवढी राहिली. डॉक्टर म्हणाले, "काय काम करता?" सुतारकाम. "मशीन कुठलं?" याने अभिमानानं सांगितलं, चौदा वर्षं झाली, अजून चालतंय. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "चौदा वर्षं तुम्ही हातात भूकंप धरून बसला होतात. रोज थोडी थोडी नस मरत गेली. आता शक्यतो मशीन धरूच नका. धरायचंच असेल तर ते कमी थरथरणारं, चांगल्यातलं घ्या. जे उरलंय ते वाचेल. गेलेलं परत येईलच असं नाही."

आता हे वाक्य मनिषाने ऐकलं आणि आनंदाने ऐकलं. एकच वाक्य, एकाच खोलीत. मनिषाला ऐकू आलं, गेलेलं येणार नाही. आनंदाला ऐकू आलं, चांगल्यातलं घ्या. आणि त्याच आठवड्यात शमिकाचा मुंबईहून फोन. एकुलती एक लेक, लग्नाला सहा वर्षं झालेली, सगळे उपासतापास करून थकलेली. फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "बाबा, पाळणा लागणार आहे."

कळलं आता? आता विचारा, एवढं महाग मशीन कशाला! तीन तालुक्यांतल्या पोरांना पाळणे केले आणि स्वतःच्या नातवंडाच्या पाळण्यावरून हात फिरवायची वेळ आली तेव्हा हातच नाही? त्याने हिशोब असा मांडला की मूल व्हायला अजून सहा महिने आहेत. सहा महिने हाताला आराम द्यायचा, न थरथरणारं मशीन धरायचं, बोटं परत येतील. यायलाच पाहिजेत! डोक्यात एवढंच. दुकानात गेला. दुकानदाराने मशीन चालू केलं आणि त्याच्या पाठीवर रुपयाचं नाणं उभं केलं. उभं, हो, कडेवर! मशीन फिरतंय आणि नाणं ढिम्म. आनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदाराला वाटलं, किंमत ऐकून आलं.

मग रोज सकाळी एकच उद्योग. मागच्या पडवीत फणसाच्या फळ्या रचलेल्या होत्या. हेदवीच्या घरामागचा फणस पाडला होता, तीन वर्षं त्या फळ्या सावलीत सुकत होत्या. कोणी विचारलं तर मनिषा सांगायची, कपाटाच्या आहेत. कारण जन्माआधी बाळाचं काही करायचं नाही, ना कुंची, ना दुपटं, ना पाळणा. आमच्याकडे फार कडक हे. पाळण्याचा 'पा' काढला तरी मनिषा डोळे वटारायची. तर आनंदा उठणार, तोंड धुणार, पडवीत जाणार, डोळे मिटून त्या 'कपाटाच्या' फळीवर बोट ठेवणार. आणि आतून मनिषा विचारणार, "आली?" एसटी आली का विचारावं तसं! हा म्हणणार, "नाय. उद्या येईल." दुसऱ्या दिवशी, "आली?" "येतेय वाटतं... नाय." गणपती आले, गेले. दसरा गेला. दिवाळी गेली. शमिका सातव्या महिन्यात पोट घेऊन माहेरी आली. आली नाही ती फक्त बोटं.

आणि इकडे लोक? शेडमध्ये येऊन मशीन चालू करायला लावणार, नाणं उभं करायला लावणार, टाळ्या वाजवणार! एकदा सगळे गेल्यावर आनंदाने तेच नाणं उचललं आणि स्वतःच्या हाताच्या पाठीवर ठेवलं. उभं नाही हो, आडवं. हात पुढे धरला. नाणं सरकत सरकत कडेला आलं आणि टणकन् खाली पडलं. मनिषा डबा घेऊन दारात उभी होती. तिने पुढे होऊन नाणं उचललं, पदराने पुसलं आणि घरी नेऊन देवात ठेवलं. मला कसं माहीत म्हणाल, तर ती आमच्या हिला बोलली, आणि आमच्या हिला बोललं म्हणजे तुम्ही आता ऐकताय ना? तसंच.

माघात शमिका बाळंत झाली. मुलगी! गोरी नाही, काळी नाही, केवड्याच्या पानासारखी. आता बारशाला दिवस किती? बारा! जन्माआधी पाळणा करायचा नाही आणि बाराव्या दिवशी बाळ पाळण्यात घालायचं. म्हणजे मधल्या अकरा दिवसांत फणसाच्या फळीचा पाळणा झाला पाहिजे. डॉक्टरांनी मशीन धरू नका सांगितलेलं, मनिषाने म्हटलं, विकतचा आणू. विकतचा! आनंदाने तिच्याकडे असं बघितलं की ती तशीच आत गेली.

आणि तुम्हाला सांगतो, नव्या मशीनने जे काम केलं! पहिल्यांदा फळीवर टेकवलं तर त्याला वाटलं लाइटच गेली. इतकं गप्प! लोण्यातून बोट फिरावं तसं लाकडावरून फिरत होतं. भुसा उडत नव्हता, हाताला हिसका नव्हता. तो मध्येच थांबायचा आणि त्या मशीनकडे बघत म्हणायचा, "अरे, तू होतास तर मग आलास का नाय?" चौदा वर्षं कोणीतरी येऊ दिलं नव्हतं ना त्याला. कोणी? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे तर आपल्याच हातातलं मुसळ कळलं नाही.

अकराव्या दिवशी पाळणा उभा राहिला. माजघरात आढ्याला टांगला. हळदीचा रंग, चार खूर, कडेला कमळाच्या पाकळ्या. आनंदाने कडेवर नुसता हात ठेवला आणि पाळणा हलायला लागला. मनिषा ओरडली, "अवो, रिकामा पाळणा हलवू नये!" हा म्हणाला, "मी कुठे हलवतोय गो?" तिने बघितलं. तो खरंच हलवत नव्हता. हातच थरथरत होता. मग तिने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, दुपट्यात गुंडाळला आणि बाळासारखा पाळण्यात ठेवला. म्हणाली, "आता रिकामा नाय. आता हलू दे."

मग ती कामाला गेली आणि हा राहिला पाळण्यापाशी. डोळे मिटले, बोट फिरवलं. एकदा. दोनदा. लाकूड आहे की हवा, तेवढंच कळत होतं. मग काय केलं असेल त्याने? उठला, इकडेतिकडे बघितलं, देवघरात गेला आणि मनिषाच्या वातींच्या डब्यातून कापूस चोरला. आनंदा सुताराने! कापूस घेऊन पाळण्याच्या कडेवरून फिरवायला लागला, तर हात थरथरतोय, कापूस नाचतोय, अडकतोय की नुसता हलतोय तेच दिसेना. आणि मागे मनिषा उभी.

त्याने कापूस मुठीत लपवला. कसा लपवणार? मुठीतून पांढरा बाहेर आलेला. मनिषाने त्याची मूठ उघडली, कापूस काढून घेतला, डब्यात परत ठेवला. मग ती पाळण्यासमोर बसली. तीस वर्षांत तिने गिऱ्हाइकाच्या आधी कधी त्याच्या कामाला हात लावला नव्हता. तिने डोळे मिटले, हात ठेवला आणि लगेच उचलला. भातलावणीने, भांड्यांनी, चुलीने भेगा पडलेले हात ते, त्यांना काय कळणार? मग तिने काय केलं असेल? गाल टेकवला! पाळण्याच्या कडेला गाल टेकवला आणि हळूहळू सरकत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच थांबली. म्हणाली, "हितं आहे."

हितं आहे! अहो, हे दोन शब्द आयुष्यभर तो दुसऱ्यांना सांगत आला. त्याने तिथे पेपर घासला. ती पुढे सरकली. "हितं." त्याने घासलं. तीन जागा निघाल्या. चौथी एक ती म्हणाली, पण ती नव्हती, तिच्या गालावरून पाणी आलं होतं, ते लाकडाला लागलं. तिथेही त्याने घासलं. ती म्हणाली, आता झालं. तो म्हणाला, "झालं ना?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने काम झालं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बारसं. घरात ही गर्दी! रूपेश मुंबईहून पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला, तो पाळणा बघतोय, मशीनची पेटी बघतोय, सगळ्यांना सांगतोय, आमच्या भावजींना पहिलं मशीन मीच दिलं होतं! आनंदा नुसती मान हलवतोय. बायका पाळण्याभोवती जमल्या. जो तो पाळण्यावरून हात फिरवतोय आणि म्हणतोय, काय गुळगुळीत हो! सखूआजी म्हणाली, "आनंदाचं बोट आहे ते. बोट!" मनिषाने खाली मान घातली.

शमिकाने बाळाला मांडीवर घेतलं होतं. म्हणाली, "बाबा, या ना इकडे. गाल बघा हिचा. कसला मऊ आहे!"

आनंदा गेला. पंच्याला बोट पुसलं. दोनदा पुसलं. मग हळूच पुढे केलं. बोट थरथरत थरथरत गेलं आणि गालाला लागलं. लागलेलं त्याला दिसलं. फक्त दिसलं. त्या इवल्या गालाला खळी पडली, बाळाने मान वळवली, सगळे म्हणाले, आजोबांना ओळखलं हो! शमिका त्याच्याकडे बघत होती. "मऊ आहे ना, बाबा?"

आनंदा म्हणाला, "हो गो. मऊ आहे."

आप्पा म्हणायचे, बोट फसत नाही. फसत नाही खरं. पण बोलायला लावलं की खोटं बोलतं.

नाव ठेवून झालं, बाळ पाळण्यात घातलं, आणि बाळाने जो टाहो फोडला! बायकांनी दोरी ओढली, एकीने जोरात, दुसरीने त्याहून जोरात, तिसरी म्हणाली, पोटात दुखत असेल, ओवा आणा. ओवा म्हटल्यावर आनंदा उठला. गर्दीतून वाट काढत आला आणि पाळण्याच्या कडेवर हात ठेवला. ओढला नाही, ढकलला नाही. नुसता ठेवला. पाळणा बारीक बारीक हलायला लागला, आणि पोरगी गप्प. बघता बघता डोळे मिटले. आनंदा हात काढायला गेला तर मनिषाने वरून आपला हात दाबला. हळूच म्हणाली, "राहू दे. आज बंद होऊ नका."

जेवणं झाली, पांगापांग झाली. आनंदा अजून पाळण्यापाशीच, हात कडेवर. रूपेश पेढा चघळत शेजारी येऊन टेकला. पेटीकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, आणि शेवटी त्यानेही विचारलंच. "भावजी, खरं सांगा हं. माझं मशीन चालत होतं ना? मग एवढं महाग मशीन कशाला?"

आनंदाने त्याच्याकडे बघितलं. पोरगी उठू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाला, "स्वस्तातलं परवडलं नाय रे." आणि डाव्या हाताने पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला. "घे, आणखी एक घे."